मूठभर तांदूळ आणि मुलुंडची छावणी

संध्याकाळी कुकर लावायच्या आधी एक परात घ्या आणि तिच्यात मूठभर तांदूळ ओता. हल्ली तांदूळ निवडावे लागत नाहीत, पिशवीतून थेट डब्यात जातात. तरी आज निवडायला बसा. मांडी घाला, परात पुढ्यात ओढा, तांदळावरून तळवा हलकेच फिरवा. खालून एखादी कर्जत लोकल जाईल, शेजारच्या घरी फोडणी तडतडेल. त्यांना त्यांचं काम करू द्या. हाताला दाण्यांचा गारवा जाणवेपर्यंत थांबा.

आता एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. 18 फेब्रुवारी 1946, सोमवार. कुलाब्याला 'तलवार' नावाचं आरमाराचं केंद्र आहे, तिथे बिनतारी संदेशवहन शिकवलं जातं. न्याहारीची वेळ झाली आहे आणि हजारभर तरुण खलाशी अन्नाला हात लावत नाहीत. डाळ म्हणजे नुसतं पाणी, अन्नात खडे. तक्रारी करून झाल्या, उपयोग झाला नाही. जेवण नीट मिळेपर्यंत काम बंद, एवढं त्यांनी ठरवलं आहे.

भूक लागलेली असताना समोरचं ताट आपल्या हाताने दूर सारायचं. हे वाक्य घाईने ओलांडू नका. आपण कधी तसं केलं असेल तर ते आठवा. रागाने केलं होतं, की अपमानाने?

आता बोटाने एकच दाणा वेगळा करा. हा इथवर आला कसा? 1939च्या सप्टेंबरात हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. तिसऱ्या तारखेला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी भारतही युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या कुणाला विचारलं नाही. 1942त ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. तो तांदूळ मुंबईच्या कैक चुलींवर शिजत होता. पुढच्या वर्षी शहरात रेशन आलं. वॉर्सावर पडलेला बॉम्ब आणि गिरणगावातल्या खोलीतलं रिकामं डबडं यांच्यामध्ये अशी एक वाट आहे. डोळे मिटून ती एकदा चालून पाहा, तिकडून इकडे.

त्याच वाटेवरून ही मुलंही आली. युद्धाआधी आरमार लहान होतं, रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान खलाशांचा त्यात मोठा भरणा असे. युद्धात ते दहापटीने वाढलं. पंजाबी, बंगाली, मद्रासी, मराठी, देशभरातली शिकलेली पोरं भरती झाली. गोऱ्या खलाशाबरोबर त्याच समुद्रात त्यांनी तोच धोका पत्करला, पगार मात्र कमी मिळाला. युद्ध संपलं तेव्हा समोर बेकारी होती. त्यात वरिष्ठांच्या तोंडून आईबापांवरून शिव्या. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता, आणि इंडोनेशियात डच सत्ता परत बसवायला भारतीय सैनिक धाडले जात होते.

अन्न हे केवळ निमित्त होतं, असं पुष्कळ जण लिहितात. मला 'निमित्त' हा शब्द खटकतो. ज्याच्या ताटात खडे वाढले जातात त्याला आपली किंमत तिथेच कळते. बाकीची कारणं त्याच ताटाभोवती गोळा होतात.

दोन-तीन दिवसांत संप 78 जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या वीसेक केंद्रांवर पसरला. सुमारे 20,000 खलाशी त्यात होते. या केंद्रांत आपल्या उपनगरांच्या बाजूला मार्व्याचं 'हमला' होतं, ठाण्याचं 'अकबर' होतं. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे शेजारी शेजारी चढले. हे चित्र मनात जरा जास्त वेळ ठेवा. दीड वर्षाने काय होणार आहे ते आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नव्हतं.

22 तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबई बंद झाली. गिरण्या थांबल्या, कामगार रस्त्यावर आले आणि लष्कराने गोळ्या चालवल्या. परळच्या महिला कार्यकर्त्या कमल दोंदे त्या दिवशी गेल्या. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली, त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला सांगता येणार नाहीत.

हात परातीतून काढा. मांडीवर ठेवा. काही म्हणू नका.

23 तारखेला सकाळी खलाशांनी शरणागती पत्करली. सरदार पटेलांनी तसा सल्ला दिला होता. सत्तांतर दाराशी आलेलं असताना सैन्याची शिस्त मोडली तर उद्याच्या देशाला ते जड जाईल, हा त्यांचा विचार. ज्यांनी सगळं पणाला लावलं त्यांना मात्र तो सल्ला विझवून टाकणारा वाटला. मी वर्षानुवर्षं एकदा या बाजूला झुकतो, एकदा त्या. आज झुकू नका. दोन्ही माणसं समोर बसली आहेत असं समजा आणि दोघांचं ऐकून घ्या. या बंडामुळेच इंग्रज गेले, असंही मनाला लगेच सांगू नका. सत्तांतराच्या बोलण्यांसाठी येणाऱ्या कॅबिनेट मिशनची घोषणा 19 फेब्रुवारीची, पण तो निर्णय संपाआधीच झाला होता. भाड्याने उभी केलेली शक्ती आता आपली राहिली नाही, हे मात्र त्या सहा दिवसांत इंग्रजांना दिसलं.

आणि आता मुलुंड. शरण आलेल्यांपैकी शेकडो जणांना पकडून इथल्या छावणीत आणलं. सूड घेतला जाणार नाही, हा शरण येताना त्यांना मिळालेला शब्द पाळला गेला नाही. 476 जणांना नोकरीवरून काढलं. पुढे दोन देश झाले, दोघांची आरमारं झाली, पण या मुलांना कुणीच परत घेतलं नाही. फाळणीनंतर याच मुलुंडला सिंधी आणि पंजाबी निर्वासितांची वस्ती झाली, मुलुंड कॉलनी. तिथल्या मिठाईच्या दुकानांपाशी उभा राहतो तेव्हा मला ही दोन्ही माणसं दिसतात, घर सुटलेली आणि घरी पाठवलेली. कुलाब्यात बंडाचं स्मारक आहे. मुलुंडला मी अजून साधी पाटीही पाहिलेली नाही.

पुन्हा तांदळात हात घाला. त्या 476पैकी एक जण निवडा. नाव देऊ नका. तो बोटीने कोकणात उतरला आहे, खांद्यावर वळकटी, अंगावर गणवेश नाही. बंदरापासून घरापर्यंतची चढण तो चढतो. लोक काय विचारतील, काय सांगायचं, हे त्याने वाटभर ठरवलं आहे. अंगणात आई सूप घेऊन बसली आहे. ती मान वर करते, त्याच्याकडे बघते, हातातलं सूप बाजूला ठेवते आणि विचारते, "जेवलास का रे?"