ज्यांच्यावर कॅमेरा रोखला जातो

चारचौघांसारखं न जगणाऱ्या माणसांवरचा माहितीपट सुरू झाला, की पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षागृहात हशा पिकतो. त्या हशाचं पुढे काय होतं, यावरून मी त्या माहितीपटाची पारख करतो.

फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ २००८ मध्ये तयार झाला. मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगार सिनेमाला जातात. एके काळी व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख तिथे ‘शोले’ची स्थानिक आवृत्ती काढून लोकप्रिय झाले होते, आता ते सुपरमॅन काढायला निघाले आहेत. नायक आहे शफीक शेख हा काडीसारखा बारीक माग-कामगार आणि खलनायकाला घाणीचं वेड. क्रेन म्हणून बैलगाडी, ट्रॉली म्हणून सायकल. हसू येतंच, आणि येऊ द्यावं, कारण ही मंडळी विनोदी सिनेमाच काढत आहेत. पण खान यांचा कॅमेरा तेवढ्यावर उठून जात नाही. हिरवं कापड ताणून माणूस उडवायचा कसा, याची खटपट तो शांतपणे पाहत राहतो. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा आपलाच जीव गोळा होतो, कारण तोवर त्या कॅमेऱ्यावर किती जणांची रोजी आणि हौस टांगली आहे ते आपल्याला कळलेलं असतं. लेखक फरोग जाफरी मुंबईविषयी बोलू लागतात तेव्हा कुणी हसत नाही. २०१२ मध्ये हा माहितीपट आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. त्याआधीच शफीक कर्करोगाने गेले होते.

इथे खान यांनी एक गोष्ट नेमकी हेरली आहे. या माणसांचं वेगळेपण त्यांच्या अवतारात नाही, त्यांच्या कसबात आहे. कसब दाखवायचं तर थांबावं लागतं, आणि थांबायला वेळ व पैसा लागतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी जत्रेतल्या तंबू-सिनेमावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) केला, तेव्हा ते वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या जत्रांमागे हिंडले. म्हणूनच त्यातला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर आपल्यासमोर उभा राहतो तो आपल्या यंत्राचा जाणकार म्हणून.

याच्या उलट वाट या कलेच्या जन्मापासूनच आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये (१९२२) एक इन्युइट शिकारी ग्रामोफोनची तबकडी चावून पाहतो. त्या माणसाला ग्रामोफोन ठाऊक होता. त्याच्या लोकांच्या हाती तेव्हा बंदुका आलेल्या असूनही पडद्यावर शिकार भाल्यानेच होते. प्रेक्षकाला निरागस आदिम माणूस हवा होता, म्हणून एका जाणत्या माणसाला अजाण दाखवलं गेलं. शंभर वर्षांनंतरही ही खोड मोडलेली नाही. फक्त आता अडाण्याच्या जागी ‘अवलिया’ हवा असतो.

कौतुकातही हाच धोका असतो. बुंदेलखंडात २००२ पासून ग्रामीण स्त्रिया चालवत असलेल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तमाध्यमावर रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी ‘रायटिंग विथ फायर’ केला. २०२२ मध्ये त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. सोहळ्याच्या तोंडावर खुद्द ‘खबर लहरिया’ने निवेदन काढलं: माहितीपट प्रभावी आहे, पण आम्ही एकाच राजकीय पक्षाच्या बातम्यांमागे लागलो आहोत असं त्यातलं चित्र खरं नाही. मला या निवेदनाचं मोल नामांकनापेक्षा जास्त वाटतं. माहितीपटकार प्रामाणिक असतील, आहेतच. पण सिनेमा जगभर फिरत असताना या पत्रकारांना रोज त्याच गावांत, त्याच पुढाऱ्यांसमोर जाऊन प्रश्न विचारायचे होते. चुकीच्या चित्राची किंमत त्यांनाच मोजावी लागणार होती.

म्हणून चित्रित झालेल्यांना त्या चित्राविषयी बोलता आलं पाहिजे. यावर आक्षेप येतो: त्यांना बोलण्याचा हक्क दिला, तर माहितीपटाची जाहिरात होईल. हा आक्षेप सत्ताधाऱ्यांबाबत पूर्ण खरा आहे. आनंद पटवर्धनांनी राममंदिर आंदोलनावरचा ‘राम के नाम’ (१९९२) नेत्यांना विचारून केला असता तर तो झालाच नसता. पण मंत्री आणि माग-कामगार कॅमेऱ्यासमोर सारखे नसतात. मंत्र्याला स्वतःचं म्हणणं मांडायला शंभर व्यासपीठं आहेत. कामगाराची जगाला होणारी ओळख अनेकदा त्या एका सिनेमापुरतीच असते. आणि हक्क म्हणजे कात्री हातात देणं नव्हे. तयार होत आलेला सिनेमा त्यांना दाखवावा, त्यांचं ऐकावं, मतभेद उरला तर तो लपवू नये, एवढंच मागणं आहे.

पटवर्धनांचंच दुसरं उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. पाठोपाठ शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षांनी, २०११ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईच्या वस्त्यांतून त्याचे जाहीर खेळ झाले. ज्यांची दुःखं आणि गाणी त्यात होती, ते समोर बसून तो पाहत होते.

म्हणून माहितीपटांना निधी देणाऱ्या संस्थांना आणि महोत्सवांच्या आयोजकांना माझी विनंती आहे. प्रवेशिकेत लांबी, भाषा, वर्ष विचारता, तसंच हेही विचारा: ज्यांच्यावर हा माहितीपट आहे त्यांना तो कधी दाखवला, कुठे दाखवला, आणि ते काय म्हणाले? उत्तराची जागा कोरी असेल, तर ती प्रवेशिका परत पाठवा.