वीणा कोणाची?

सज्जनहो, मागील चातुर्मासात आमच्या बुलढाणे जिल्ह्यातील एका गावी सप्ताहास गेलो असता काल्याच्या दिवशी दोघे भाऊ आमच्यापुढे येऊन बसले. वडील वारले, चाळीस वर्षे ते गावाचे विणेकरी होते. शेत वाटले, घर वाटले, भांडी वाटली, वीणा मात्र अडली. थोरला म्हणे, मी वडील म्हणून माझी. धाकटा म्हणे, शेवटी सेवा मी केली म्हणून माझी. वाजवता दोघांनाही येत नव्हती! तिसरीकडून भजनी मंडळ म्हणत होते, वीणा देवळाची. निकाल काय द्यावा? त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, कारण या बाबतीत आमचाही एक जुना अपराध आहे. तो पुढे सांगू.

प्रथम शास्त्र पाहू. मालकाशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याचे होते त्यास विज्ञानेश्वर मिताक्षरेत दाय म्हणतात. या न्यायाने वीणा पोरांची, हे खरे. पण तेच शास्त्र सांगते की काही वस्तूंची वाटणी होत नाही. मनूने त्यांची यादी दिली, तीत अंगावरची वस्त्रे आहेत, शिजलेले अन्न आहे, पाणी आहे आणि ‘योगक्षेम’ आहे. योगक्षेम म्हणजे काय? विज्ञानेश्वर म्हणतात, योग म्हणजे यागादी इष्ट कर्म आणि क्षेम म्हणजे विहिरी-तळ्यांसारखे पूर्त कर्म. आता तुम्हीच सांगा, गावाच्या नामस्मरणासाठी चाळीस वर्षे खांद्यावर वाहिलेली वीणा शेतात धरावी की विहिरीत? आम्ही तर तिला विहिरीत धरतो. विहीर बापाने खणली तरी पाणी तहानलेल्याचे.

आणि आपल्या संप्रदायाचा आचार तर शास्त्राहून सोपा आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकत नाही. पहारा संपला की दुसरा येतो, देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तिथे कोणी विचारतो का, ही कुणाची? ज्याचा पहारा त्याची. मंडळी, आयुष्य हा असाच एक पहारा. तुमचे वडील गेले म्हणजे त्यांचा पहारा संपला, इतकेच.

कोणी म्हणतात, “महाराज, मेलेल्याचं वाद्य घरात ठेऊ नाई, विटाळ असते.” बरे तर, मृदंगाची पुडी कशाची असते? मेलेल्या जनावराच्या कातड्याची. ज्यास मेलेल्याच्या वस्तूचा विटाळ त्याने मृदंगास हातच लावू नये! आणि हे बोलताना आपल्याच जिल्ह्याची आठवण ठेवावी. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखोबारायांचे जन्मगाव अशी परंपरा आहे. मेलेली गुरे ओढण्याचे काम गावाने ज्यांच्या माथी मारले होते, त्या महार समाजात ते जन्मले. कातडे देवळात वाजत राहिले आणि ते ओढणारा माणूस दाराबाहेर उभा राहिला. केवढा हा आमचा विवेक! शके 1260 (इ. स. 1338) मध्ये मंगळवेढ्यास कुसवाचे काम चालू असता भिंत कोसळली व चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवराय अस्थी आणावयास गेले. ढिगाऱ्यात अस्थी पुष्कळ, ओळखावे कसे? कान लावला, ज्या अस्थीतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी कथा आहे. नामदेवरायांनी त्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारापुढे समाधी दिली. वाजवणारा गेला, वाद्य उरले आणि त्यातला नाद उरला. वारस कोण? ज्याने कान लावला तो.

तुकोबारायांचेही तसेच. फाल्गुन वद्य द्वितीयेस त्यांचे प्रयाण झाले आणि पंचमीस त्यांचे टाळ व कंथा देहूस आली, असे परंपरा सांगते. वैकुंठास देह नेला, पण टाळ मागे पाठवले. का? टाळांचे काम इथेच उरले होते म्हणून.

आता आमचा अपराध. पुष्कळ वर्षे झाली. मेहकराकडील एक मृदंगी आमच्या कीर्तनात साथीला असत. ते गेले. तेराव्यास आम्ही गेलो. त्यांच्या कुटुंबाने मृदंग पुढे आणून ठेवला आणि म्हणाली, “महाराज, याले घेऊन जा. घरात ठेवलं तं रातच्यान वाजल्यावानी वाटते.” खोड जुने, घट्ट, नाद गंभीर. त्याचे मोल आम्हांस ठाऊक होते, तिला नव्हते. तिने किंमत विचारली नाही. आम्ही मनास येईल ते तिच्या हातावर ठेवले. तेवढ्यात नवे खोड सुद्धा आले नसते. वर ती माउली आमच्या पाया पडली, आणि आम्ही आशीर्वाद दिला! व्यासपीठावर निर्लोभाचे निरूपण करणारे आम्ही.

पुढे एका सप्ताहात तोच मृदंग वाजत होता. आठ-नऊ वर्षांचे एक पोर मृदंग्याजवळ येऊन उभे राहिले. खोडावरच्या एका जुन्या चिरेवर बोट ठेवून म्हणाले, “हा माह्या आज्याचा हाये.” आम्ही आजीची चौकशी केली. ती वर्षापूर्वीच गेली होती. राहिलेली रक्कम आम्ही त्याच्या बापास दिली, पोरास हात शिकवण्याची सोय केली, पण जिचे देणे होते तिला ते पोचले नाही. ते आता कुठल्याच हिशेबात बसत नाही. म्हणून पोटतिडकीने सांगतो, दुःखात असलेल्या घरून वाद्य घ्याल तर किंमत तिसऱ्या जाणत्याकडून करवा आणि न मागता पुरी द्या. दिवस कार्य उरकेपर्यंत विषयही काढू नका.

तो मृदंग अजून वाजतो. पुड्या किती बदलल्या, वाद्या बदलल्या, शाई कितीदा भरली, खोड तेच. गीतेतील जीर्ण वस्त्राचा दृष्टांत इथे आठवतो. पण दृष्टांत फार ताणू नये. खोडही एक दिवस फुटेल. फुटत नाही ते नाम.

ज्यांना विकत घेणे झेपत नाही त्यांनीही अडून बसू नये. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने गावोगावच्या भजनी मंडळांस वीणा, मृदंग, टाळ दिले आहेत. नवे वाद्य घेणे वाईट नव्हे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांकडे भोपळे येतात ते पुष्कळसे पंढरपूर-मंगळवेढे भागातून, म्हणजे भीमेच्या पाण्यावर वाढलेले. पण त्या भोपळ्याचा धर्म पाहा. गर काढून, वाळवून आत पोकळ झाल्यावाचून त्यास नाद नाही. ‘माझी, माझी’ हा गर भरलेला असेपर्यंत वारसाच्या हाती वीणा मुकीच.

असो. त्या दोघा भावांस आम्ही इतकेच सांगितले: वीणा खुंटीला टांगून कुलूप लावणे म्हणजे बापाचे तोंड बांधणे. घरात जो वाजवील त्याची. कोणी नसेल तर ती देवळात द्या, आणि पहाऱ्यास दोघांनी एक एक प्रहर उभे राहा. मंडळाने त्यांच्या वडिलांचा मान म्हणून पहिला पहारा त्या घराचा ठेवावा. थोरला गप्प बसला. धाकट्याने विचारले, “महाराज, वाजवता येत नाई, मग उभं राहून काय करू?” आम्ही म्हणालो, “बाबा, गळ्यात घे आणि नाम घे. तार आपोआप शिकवते.”

यंदा ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाईल, तेव्हा दिंडीतील प्रत्येक वीणा-मृदंगाकडे जरा निरखून पाहा. त्यावर किती गेलेल्यांचे हात फिरले असतील! त्या सर्वांस मनोमन नमस्कार करा, आणि आपला पहारा येईल तेव्हा हात मोकळे ठेवा.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!