नकार देण्याचा हक्क, अडवण्याचा नव्हे

युरोपविषयी आपल्याकडे सध्या एक निकाल परस्पर लागून गेला आहे. व्याख्यानमाला असो, वाहिनीवरची चर्चा असो की रविवारच्या पुरवणीतला लेख, सूर एकच असतो: युरोपातल्या राष्ट्रांनी आपले सार्वभौमत्व ब्रुसेल्सला देऊन टाकले, म्हणून आज ती रशियासमोर हतबल आहेत आणि वॉशिंग्टनच्या तोंडाकडे पाहत बसली आहेत. त्यावरून लगोलग धडाही सांगितला जातो, की संरक्षणाच्या बाबतीत राष्ट्राने कुणालाही वाटेकरी करून घेऊ नये. हे निदान चुकीचे आहे आणि त्यातून काढलेला धडा घातक आहे. त्याला उत्तर म्हणून युरोपातले संघराज्यवादी एकाच युरोपीय सैन्याची मागणी पुढे करतात. तीही तपासून घ्यावी लागेल.

आधी निदान. युरोपीय संघाच्या करारातले चौथे कलम स्वच्छ शब्दांत सांगते, की राष्ट्रीय सुरक्षा ही ज्या त्या सदस्य राष्ट्राचीच जबाबदारी आहे. एकतिसाव्या कलमानुसार लष्करी परिणाम असलेल्या कोणत्याही निर्णयात बहुमत चालत नाही, एकमतच लागते. व्यापारात, शेतीत, मासेमारीत ब्रुसेल्सचा शब्द चालतो. पण सैनिक, रणगाडे आणि युद्धाचा निर्णय यांपैकी काहीही राष्ट्रांनी त्याच्या हवाली केलेले नाही. २००७ पासून सुमारे दीड हजार सैनिकांचे ‘बॅटलग्रुप’ आळीपाळीने सज्ज ठेवले गेले. एकदाही वापरले गेले नाहीत. सर्वांचे एकमत होत नसे, आणि ज्याची पाळी त्यानेच बहुतांश खर्च सोसायचा, असा नियम असल्यामुळे ज्याची पाळी त्याचाच उत्साह आधी मावळे. सार्वभौमत्व दिल्यामुळे युरोप दुबळा झाला म्हणणाऱ्यांनी आधी ते कधी दिले, हे दाखवावे.

दुबळेपणाचे खरे कारण पाहायचे असेल तर तोफेच्या गोळ्याकडे पाहावे. १५५ मिलिमीटर हे नाटोचे ठरलेले माप. कागदावर कुणाचाही गोळा कुणाच्याही तोफेत जायला हवा. प्रत्यक्षात गोळा, त्याचा फ्यूज आणि मागचा दारूचा भार या तिन्हींची प्रत्येक तोफेबरोबर वेगळी चाचणी व्हावी लागते, पल्ल्याची कोष्टके वेगळी तयार करावी लागतात, आणि ती नसतील तर गोळा कुठे पडेल हे तोफखान्याला सांगता येत नाही. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्या २०२४ च्या अहवालात नोंद आहे, की युरोपीय संघाच्या देशांनी युक्रेनला याच एका मापाच्या दहा वेगवेगळ्या तोफा दिल्या. जर्मनीची पँझरहाउबित्से, फ्रान्सची सीझर, पोलंडची क्राब, स्लोव्हाकियाची झुझाना: प्रत्येकीचे सुटे भाग वेगळे, प्रशिक्षण वेगळे, दुरुस्ती वेगळी. मार्च २०२३ मध्ये युरोपने युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे द्यायचे वचन दिले. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. अमेरिकेकडे मुख्य रणगाड्याचा एक प्रकार, युरोपीय संघाकडे बारा. हा सगळा पसारा प्रत्येक राजधानीने आपापला कारखाना, आपापला नमुना आणि आपापली ऑर्डर सांभाळल्याचा परिणाम आहे. आणि एवढे जपूनही जून २०२२ ते जून २०२३ या काळातल्या खरेदीचा ७८ टक्के पैसा संघाबाहेर गेला, त्यातही ६३ टक्के एकट्या अमेरिकेकडे. वॉशिंग्टनवरचे अवलंबन वाढले ते इथे, शेजाऱ्याशी वाटणी नाकारल्यामुळे.

याउलट १० सप्टेंबर २०२५ च्या पहाटे काय घडले ते पाहा. रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले, तेव्हा पोलंडच्या एफ-१६ विमानांबरोबर नेदरलँड्सची एफ-३५ विमाने आकाशात होती, टेहळणीला इटलीचे विमान होते, आणि जमिनीवर जर्मनीची पेट्रियट यंत्रणा सज्ज होती. डच वैमानिकांनी ड्रोन पाडले. हे नाटोच्या रचनेत घडले, युरोपीय संघाच्या नव्हे, हे खरे. मुद्दा तोच राहतो: चार देशांची साधने एकत्र आल्याने पोलंडचे सार्वभौमत्व त्या पहाटे राखले गेले. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया यांच्याकडे तर स्वतःची लढाऊ विमानेच नाहीत. २००४ पासून मित्रदेश पाळीपाळीने त्यांच्या आकाशाची राखण करतात. तीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या लिथुआनियाला ‘कुणाला वाटेकरी करून घेऊ नकोस’ असे सांगणे म्हणजे रशियाला सोयीचे होईल तेच सांगणे.

मग सरळ एकच सैन्य का उभारू नये? हा प्रयत्न एकदा अगदी जवळ येऊन फसला आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेव्हाँ यांनी योजना मांडली, २७ मे १९५२ रोजी सहा देशांनी युरोपीय संरक्षण समुदायाच्या करारावर सह्या केल्या. समान अंदाजपत्रक, समान गणवेश. पश्चिम जर्मनी आणि बेनेलक्स देशांनी तो मंजूरही केला. ज्या फ्रान्सने कल्पना मांडली, त्याच्याच संसदेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी ३१९ विरुद्ध २६४ मतांनी तो गाडला. द गॉलवादी आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र मते दिली, आणि निकालानंतर सभागृहात राष्ट्रगीत गायले गेले. त्यानंतर संरक्षण वगळून बाकीचा युरोप उभा राहिला.

या पराभवामागचा सर्वांत भक्कम युक्तिवाद पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झालेल्या शार्ल द गॉल यांचा आहे, आणि त्याच्याशी भिडल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांच्या मनात द गॉल यांच्याविषयी आदर आहे, तो उगाच नाही; त्यांच्या स्वतंत्र बाण्याची वाट फ्रान्सने पुढेही सोडली नाही. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले, फ्रान्सने लादले नाहीत. माझगाव गोदीत स्कॉर्पिन पाणबुड्या फ्रेंच सहकार्याने बांधल्या गेल्या. गोव्यात आयएनएस हंसावर नौदलासाठीच्या राफेलच्या चाचण्या झाल्या. हे राफेल अस्तित्वात आहे तेच मुळी १९८५ मध्ये फ्रान्स संयुक्त युरोपीय लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर पडला म्हणून. दुसऱ्या राजधानीची परवानगी न घेता शब्द देऊ शकणारा देश भारतासारख्या ग्राहकाला भरवशाचा वाटणारच.

पण द गॉल यांचे म्हणणे शस्त्रविक्रीच्या सोयीपेक्षा फार खोल आहे. ३ नोव्हेंबर १९५९ रोजी पॅरिसच्या लष्करी महाविद्यालयात त्यांनी सांगितले, की फ्रान्सचे संरक्षण फ्रेंचच असले पाहिजे. युद्ध करावे लागलेच तर ते त्याचे स्वतःचे युद्ध असले पाहिजे. मित्रांबरोबर लढायला त्यांची हरकत नव्हती, मित्रांत विरघळून जायला होती. सरकार नावाची गोष्ट मुळात संरक्षणासाठी जन्मते, आणि ती जबाबदारी दुसऱ्याकडे गेली की सरकारला असण्याचे कारणच उरत नाही, हा त्यांचा गाभ्याचा विचार.

यामागे १९४० मधला जर्मनीकडून झालेला पराभव उभा आहे. त्या वर्षीच्या १० जुलैला व्हिशी गावात फ्रेंच संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी मार्शल पेताँ यांच्या हाती सर्वाधिकार दिले. कायद्याच्या दृष्टीने ते सरकार रीतसर होते. द गॉल तेव्हा लंडनमध्ये होते; जवळ ना संसद, ना प्रदेश, ना म्हणावे असे सैन्य. तरी फ्रान्सच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपलाच आहे असे ते म्हणाले, कारण देशाचा बचाव करण्याचे काम त्यांनी सोडले नव्हते. चार वर्षांनी फ्रेंच जनतेने ते मान्य केले. वैधता मतपेटीतून येते तशी ती बचावाच्या जबाबदारीतूनही येते, हे ज्याने आयुष्यात असे भोगले, त्याला सहा देशांच्या आयुक्तमंडळाने फ्रेंच सैनिकाला मरायला पाठवावे ही कल्पना सहन होणे शक्य नव्हते.

मला हा युक्तिवाद खोडता येत नाही. कर चुकीचा बसवला तर पुढच्या अंदाजपत्रकात मागे घेता येतो, कायदा रद्द करता येतो. रणांगणावर गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून त्याला पाठवणारा कोण, हे त्याच्या आईवडिलांना नाव घेऊन सांगता आले पाहिजे, आणि त्या माणसाला पुढच्या निवडणुकीत घरी बसवता आले पाहिजे. द गॉल यांच्याशी काडीचेही नाते नसलेले जर्मन घटनात्मक न्यायालय ३० जून २००९ च्या लिस्बन निकालात याच जागी पोचले: सैन्य धाडण्यासाठी जर्मन संसदेची संमती लागते, आणि हा अधिकार युरोपकडे सोपवता येणार नाही. २००३ चे इराक युद्ध आठवा. ब्रिटन आणि पोलंड गेले, फ्रान्स आणि जर्मनी ठाम नाही म्हणाले. त्या दिवशी एकच युरोपीय सैन्य असते तर एक तर अर्ध्या खंडाला नको असलेल्या युद्धात ते ओढले गेले असते, नाही तर जागच्या जागी फुटले असते. म्हणून एकाच सैन्याच्या मागणीमागे मला उभे राहता येत नाही.

मात्र द गॉल यांनी दोन गोष्टी एकत्र बांधल्या. मरणाचा निर्णय आपल्याच लोकांना उत्तरदायी असलेल्या माणसाने घ्यावा, हे त्यांनी सिद्ध केले. पण त्यावरून तोफ, गोळा, रडार आणि कारखानाही वेगळा हवा, हे सिद्ध होत नाही. १९६६ मध्ये त्यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढले, अमेरिकी सैनिकांना घरी जायला सांगितले. ते करता आले, कारण फ्रान्स आणि सोव्हिएत रणगाडे यांच्यामध्ये पश्चिम जर्मनी होता आणि तिथे अमेरिकी सैन्य ठाण मांडून होते. तो मोकळेपणा इतरांच्या एकत्रित संरक्षणाच्या आडोशाला होता. लिथुआनियाला असा आडोसा नाही.

इथून मला या भांडणाची खरी रेघ दिसते. राष्ट्राच्या नकाराचे दोन प्रकार आहेत. एक, माझे सैनिक मी पाठवणार नाही. दुसरा, तूही पाठवायचे नाहीस. पहिला सार्वभौमत्वाचा प्राण आहे. दुसरा त्याच नावाखाली शेजाऱ्याचे सार्वभौमत्व हिरावून घेतो. डेन्मार्कने १९९२ नंतर संघाच्या संरक्षण धोरणातून स्वतःला वगळून घेतले. तीस वर्षे तो बाहेर राहिला, इतरांचे काही अडले नाही, आणि २०२२ मध्ये सार्वमत घेऊन तो आपण होऊन आत आला. ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि माल्टा यांनी युक्रेनला प्राणघातक शस्त्रे देण्याच्या निर्णयात भाग घेतला नाही, पण वाटही अडवली नाही. करारात अशा अलिप्ततेची तरतूद आहेच. हंगेरीने मात्र युक्रेनला मदत केल्याबद्दल इतर देशांना मिळायची सुमारे ६.६ अब्ज यूरोंची भरपाई रोखून धरली. हंगेरीचा एकही सैनिक त्यात पाठवायचा नव्हता. याला राष्ट्राचा स्वाभिमान म्हणणे मला मान्य नाही. याच मापाने १९५४ चे मतदानही तोलावे लागेल. फ्रान्सला बाहेर राहण्याचा पूर्ण हक्क होता. पण करारच असा होता की एकाच्या नकाराने सर्वांचा प्रकल्प बुडावा.

या रेघेची कसोटी नेदरलँड्समध्ये लागते. आपल्या रणगाड्यांच्या तुकड्या २०११ मध्ये मोडीत काढायचे त्या देशाने ठरवले. आज जर्मनीतल्या लोहाइडे इथल्या ४१४ व्या रणगाडा बटालियनमध्ये डच आणि जर्मन सैनिक एकत्र आहेत, आणि २०२३ पासून डच भूदलाच्या तिन्ही ब्रिगेड जर्मन डिव्हिजनांना जोडलेल्या आहेत. १९४० मध्ये रॉटरडॅम ज्यांनी बेचिराख केले, त्यांच्याच सैन्याशी जोडून घेणे हा भोळेपणा नव्हता, विचारपूर्वक केलेली निवड होती. तरी प्रश्न राहतोच: हेगने हो म्हटले आणि बर्लिनची संसद नाही म्हणाली तर? साधने गुंतली की एकाच्या नकाराने दुसऱ्याचे पायही अडकतात. म्हणजे माझे दोन प्रकार कागदावर वाटतात तितके सुटे नाहीत.

याला उत्तर एकच दिसते: वचन संकटाच्या आधी द्यावे लागेल. सदस्य राष्ट्रावरच हल्ला झाला तर संयुक्त तुकडीतून कुणी आपला हिस्सा काढून घेणार नाही, असे प्रत्येक संसदेने शांततेच्या काळात, उघड चर्चा करून ठरवावे. परदेशातल्या मोहिमांबाबत मात्र प्रत्येकाला मोकळीक असावी. याची सुरुवात झालेली आहे. मे २०२५ मध्ये जर्मनीची ४५ वी चिलखती ब्रिगेड विल्नियसमध्ये औपचारिकपणे उभी राहिली. २०२७ पर्यंत सुमारे पाच हजार माणसे तिथे कायमची असतील. हल्ला झाला तर जर्मनी येईल का, हा प्रश्न तिथे उरत नाही, कारण जर्मनी आलेला आहे.

आज युरोपकडे पैसा आहे. शस्त्रखरेदीच्या कर्जांसाठी १५० अब्ज यूरोंचा ‘सेफ’ कार्यक्रम मंजूर झाला आहे, आणि किमान ६५ टक्के माल युरोपातला किंवा युक्रेनचा असावा अशी त्यात अट आहे. अट रास्त आहे. पण हा निर्णय युरोपीय संसदेला वळसा घालून घेतला गेला, आणि ती संसद न्यायालयात गेली. घाईचे कारण मला कळते, तरी इथे मी संसदेच्या बाजूचा आहे. जे सार्वभौमत्व एकत्र वापरायचे त्याचा हिशेबही कुणाला तरी द्यावाच लागेल.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. गोळा, तोफ, रडार, रेल्वे, कारखाना एक करा, आणि यातला व्हेटो काढून टाका. ज्याला बाहेर राहायचे त्याने खुशाल राहावे. सैनिक पाठवण्याचा निर्णय ज्या त्या संसदेकडे ठेवा, पण परस्परांच्या बचावाचे वचन आधीच बांधून घ्या. आणि आपल्याकडे जे युरोपचे उदाहरण देऊन वाटणीविरुद्ध धडे देतात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: युरोपने सत्तर वर्षे संरक्षणातली वाटणी टाळली, आणि त्याची किंमत युक्रेनच्या तोफखान्याने गोळ्यांच्या तुटवड्यात मोजली.