आधी भागाकार कर, मग रड

लाखाची दुर्बीण नाही म्हणून सांजवेळेचे पक्षी दिसत नाहीत, हे रडगाणं माझ्यापुढे पुन्हा गाऊ नकोस. ऐकून कान किटले. मागच्या हिवाळ्यात हेच, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातही हेच. माळावर भोवत्या पक्षी गवतात उतरले, करडखेडच्या तलावावरून रातबगळे निघाले, आणि तू काय पाहिलंस? काळे ठिपके. दोष म्हणे दुर्बिणीचा. ती निवडली कुणी? मी?

२० बाय ५०, म्हणजे वीसपट आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं! आकडा मोठा दिसला की तुझी अक्कल शेण खायला जाते. दुकानदार म्हणाला ‘लांबचं दिसतं’, तू पैसे मोजून मोकळा. अरे लेका, बारावीला प्रकाशिकीत तुझा एक मार्क गेला नव्हता. झोपेतून उठवलं तरी भिंगाचं सूत्र म्हणायचास. मग ५० ला २० ने भागताना हात का आखडला? अडीच येतात. अडीच मिलिमीटर. एवढ्याच रुंदीचा प्रकाशाचा झोत त्या नळीतून डोळ्याकडे येतो. भर दुपारी चालतं, तेव्हा बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते. दिवेलागणीला ती पाच-सहापर्यंत उघडते. पाच धर. अडीचाच्या झोताने तिचा किती भाग भरला? निम्मा म्हणालास तर कान पिळीन. क्षेत्रफळ काढ. चौथा हिस्सा! डोळा तीन हिस्से उपाशी ठेवायचा, आणि वर मलाच विचारायचं, ‘सर, अंधारात दिसत का नाही?’

८ बाय ४२ घेतली असतीस तर सव्वापाच आले असते. बाहुली काठोकाठ. ७ बाय ३५ घेतलीस तरी पाच, आणि मानेला ओझं कमी. १० बाय ५० सुद्धा पाचच देते, पण दहापटीला हाताची थरथरही दहापट होते, आणि अंधूक उजेडात ती जास्तच नडते. ७ बाय ५० सातावर जाते. तुझ्या तरुण डोळ्यांना तो प्रकाश घेता येईल. माझ्या वयाची बाहुली पाचाच्या पुढे फारशी उघडत नाही, मला तो वाया. एवढा हिशेब आठवीतलं पोरगं करेल. तू बी.एस्सी. झालास.

‘ऐपत नाही सर.’ ऐपत नाही? आधी ही वीसपट, मग जत्रेतली ‘नाइट व्हिजन’ छापलेली, मग ती झूमवाली. त्या सगळ्यांची बेरीज कधी केलीस? निकॉनची ॲक्युलॉन ८ बाय ४२ हजारांत मिळते, लाखांत नाही. पण तिचा घाट जुना, खांदे बाहेर आलेला. तुला सरळ नळीची हवी, कारण ती गळ्यात झोकात दिसते. पक्षी बघायचेत की फोटो काढून घ्यायचेत? जुन्या घाटाच्या लोलकात प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने वळतो, वाटेत सांडत नाही. सरळ नळीतल्या बहुतेक लोलकांना एका बाजूला आरशासारखा लेप द्यावा लागतो, शिवाय फेज कोटिंग. ते नीट करायला पैसा लागतो, आणि स्वस्त मालात काटछाट नेमकी तिथेच होते. पूर्ण आंतरिक परावर्तन मी तुला फळ्यावर शिकवलं होतं. पेपरात लिहिलंस, दुकानात विसरलास.

परावर्तन मारणारा लेप नसलेल्या काचेच्या दर पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश माघारी जातो. दहा पृष्ठं धर, तिसरा हिस्सा गेला. म्हणून खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ शोधायचं, नुसत्या ‘कोटेड’वर भाळायचं नाही. आणि काच माणकासारखी तांबडी चमकली की खाली ठेव. तुझ्या डोळ्यात जायचा तांबडा प्रकाश ती बाहेर फेकते आहे.

‘ऑनलाइन मागवली, तपासणार कशी?’ परत करायची मुदत काय पूजेला असते? पहिल्याच संध्याकाळी बाहेर काढ. हात लांब करून आभाळाकडे धर. डोळ्याच्या काचेत उजेडाचा ठिपका पूर्ण गोल हवा. कडा करड्या, चौकोनी कापलेल्या दिसल्या तर लोलक हलका. पुढच्या भिंगाला फूटपट्टी लाव. ६० छापलंय आणि काच ३० भरली, तर खेळणं आहे ते. तू काय केलंस? भर उन्हात समोरची पाण्याची टाकी पाहिलीस आणि ‘झकास’ म्हणालास.

उजव्या डोळ्याचं कडं तर आजवर फिरवलंच नाहीस. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला नीट दिसू दे, मग डावं झाकून कडं फिरव. दोन मिनिटांचं काम. ते होत नाही, आणि म्हणे जर्मन दुर्बीण पाहिजे!

सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी केली. आपलं देगलूर तेव्हा त्याच संस्थानात होतं. भिंगावरचं परावर्तन मारणारा लेप झाईस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने काढला तो १९३५ मध्ये. म्हणजे तुझं ज्याच्यावाचून अडतं, तो लेप यायच्या आधीच निजामाच्या मुलखातल्या पाखरांची नोंद होऊन गेली. त्या माणसाने कुणाला सबब सांगितली होती?

दुसरा कुणी असता तर मी तोंड शिणवलं नसतं. पण अंधारात नुसत्या आवाजावरून तू करवानक सांगतोस. रातवा रस्त्यावरून उठला की माझ्या आधी तुला कळतं. असे कान, असे डोळे या तालुक्यात किती जणांना आहेत? आणि तू ते सबबींत नासवतोस. राग याचा येतो.

५ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू होतो. त्याआधी ती वीसपट भाच्याला खेळायला दे. ८ बाय ४२ आण, काचा पूस, कडं लावून घे, आणि उजाडायच्या आत तलावाच्या बांधावर ये. नाही आलास तर कारण सांगायला घरी येऊ नकोस. तुझी सगळी कारणं मला पाठ आहेत.