वाण नाही, पण गुण

मावशीच्या स्तनात गाठ निघाली त्या संध्याकाळी घरातला पहिला प्रश्न डॉक्टरांना नव्हे, आजीला विचारला गेला. "आई, आपल्यात कुणाला होता का गं हा रोग?" आजी बराच वेळ सासर-माहेरच्या बायका आठवत राहिली, आणि कुणीच सापडेना तेव्हा जास्तच घाबरली. 'खाण तशी माती' हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. वास्तविक आईबापांकडून थेट आलेल्या जनुकदोषामुळे होणारे स्तनांचे कर्करोग शंभरात पाच ते दहाच असतात.

पण आजीला कशाला हसा? प्रयोगशाळाही बराच काळ याच म्हणीवर चालल्या. पेशीच्या जनुकांत बिघाड होतो, पेशी उधळते, तिला धरा आणि मारा. भाषेत मात्र दुसरी म्हणही पडून होती: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणीतला वाण म्हणजे अंगाचा रंग. पण बियाण्याचाही वाण असतोच, त्या अर्थानं घेतली तर ही म्हण थेट कर्करोगाच्या पेशीला लागू पडते. डीएनए आहे तोच राहतो आणि शेजार बदलला की वागणं बदलतं.

हे दाखवून देण्यात मीना बिसेल यांचा वाटा मोठा आहे. जन्म तेहरानचा, हार्वर्डमध्ये जीवाणूंवर पीएचडी, आणि १९७०च्या दशकापासून मुक्काम कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत. त्यांचा प्रश्न एखाद्या लहान मुलानं विचारावा असा होता. नाकाच्या पेशीत आणि स्तनाच्या पेशीत डीएनए एकच, मग नाकातून दूध का येत नाही? उंदरीच्या स्तनातल्या दूध करणाऱ्या पेशी प्लॅस्टिकच्या सपाट बशीत वाढवल्या की त्या जगतात, पसरतात, पण काही दिवसांत दूध करणं विसरतात. त्याच पेशी शरीरात असते तशा मऊ प्रथिनांच्या गादीवर ठेवल्या, की गोल धरून बसतात, मधे पोकळी राखतात आणि पुन्हा दुधातली प्रथिनं बनवू लागतात. पेशींभोवतीचं हे प्रथिनांचं जाळं तोवर नुसतं भरताड समजलं जाई. ते पेशीशी बोलतं आणि ते बोलणं जनुकांपर्यंत पोचतं, असं बिसेल यांनी १९८२ मध्ये मांडलं. अनेकांनी नाकं मुरडली.

बशीत पेशी वाढवण्याचं हे तंत्र आपल्याकडे रुजवणाऱ्यांत पुण्याच्या कमल रणदिवे होत्या, हे इथे सांगायलाच हवं. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमलाबाई अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे, म्हणजे 'हेला' पेशी जिथे पहिल्यांदा वाढल्या त्या प्रयोगशाळेत, काम करून परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात वंश, संप्रेरकं आणि विषाणू ही तिन्ही एकत्र पाहिली पाहिजेत, हा त्यांच्या कामाचा रोख. एकट्या खाणीवर त्यांचाही भरवसा नव्हता.

आता कोंबडीची गोष्ट. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं, की कोंबडीचा एक कर्करोग विषाणूमुळे होतो. (नोबेल मिळायला १९६६ उजाडलं.) हा विषाणू पिलाच्या पंखात टोचला की थोड्याच दिवसांत गाठ येते. बिसेल आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डॉलबर्ग यांनी तोच विषाणू अंड्यातल्या गर्भाच्या पंखात टोचला. गाठ आलीच नाही. विषाणू पेशींत शिरला होता, त्याचं कर्करोगकारी जनुक चालूही होतं, तरी पंख सुरळीत वाढत होता. मग त्याच पंखातल्या पेशी सुट्या करून बशीत ठेवल्या, आणि त्या कर्करोगाच्या होऊन बसल्या. हे १९८४ साली छापून आलं. पुढच्या वर्षी आणखी चमत्कारिक गोष्ट पुढे आली. मोठ्या पिलाच्या एका पंखात विषाणू टोचला तर गाठ तिथेच येते, रक्तातून तो सगळीकडे फिरत असूनही. पण दुसऱ्या पंखाला जखम केली की तिथेही गाठ उगवते. जखम भरताना शरीर जे वाढीचे संदेश सोडतं, ते या पेशींना हवेच असतात. ही जखम लक्षात असू द्या, तिच्याकडे परत यायचं आहे.

१९९७ मध्ये बिसेल यांच्या गटातल्या व्हॅलेरी वीव्हर यांनी प्रयोग थेट माणसाच्या स्तनपेशींवर केला. मऊ गादीत निरोगी पेशी नीट गोल रचना करतात, कर्करोगाच्या पेशी मात्र अस्ताव्यस्त ढीग. पेशीच्या अंगावर इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. भोवतालच्या जाळ्याला धरणारे हे तिचे हातच. त्यांपैकी एक हात प्रतिपिंडानं अडवला, आणि त्या रोगट पेशी शहाण्यासारख्या गोल रचून बसल्या, वाढायच्या थांबल्या. उंदरांत टोचल्यावर गाठी कमी आणि लहान आल्या. जनुकांतले बिघाड सगळे जिथल्या तिथे होते. पेशी पुन्हा सुट्या करून प्रतिपिंडाशिवाय वाढवल्या की मूळ पदावर आल्या.

प्रत्यक्ष स्तनात हे शेजारपाजार कसं बिघडतं? एरवी जाळं विणणाऱ्या, डागडुजी करणाऱ्या पेशींना गाठ आपल्या कामाला जुंपते. त्या कोलॅजनचे धागे जास्त आणि ताठ विणू लागतात. बाईच्या हाताला कच्च्या सुपारीसारखं जे टणक लागतं, त्यात या धाग्यांचा भाग मोठा असतो. म्हणजे बोटांना आधी कळतो तो बिघडलेला शेजार. आणि हा ताठपणाच पेशींना आणखी वाढायला, सरकायला चिथावतो. घाण साफ करायला आलेल्या भक्षक पेशीही फितूर होतात, कर्करोगाच्या पेशींना रक्तवाहिनीपर्यंत वाट करून देतात.

त्या वाटेनं गेलेल्या पेशी कुठे रुजतात, याचा हिशेब लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडला होता. स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवचिकित्सेच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. यकृतात रोग वारंवार, प्लीहेत क्वचित, हाडांतही काही ठरावीकच जागी. बी सगळीकडे पडतं, उगवतं मात्र मानवेल त्या मातीत. हाडात काय घडतं ते आता कळलं आहे. रोगट पेशी हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवतात, पोखरलेल्या हाडातून वाढीचे घटक सुटतात, त्यावर रोगट पेशी पोसतात आणि पुन्हा चेतवतात. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं देतात ती हाड पोखरणाऱ्या त्या पेशींना आवरायला. ही मातीवरची औषधं.

इतकं वाचून कुणी 'जनुकं झूट, माती खरी' म्हणत असेल तर त्यानं जरा थांबावं. हर-टू जनुकाच्या जादा प्रती असलेल्या गाठींवर १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब आलं आणि असंख्य बायका वाचल्या, तो वाणावरचाच घाव होता. उलट गाठीची रसद तोडायची म्हणून रक्तवाहिन्यांवर चालणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी २००८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये ती काढून घ्यावी लागली, कारण बायकांचं आयुष्य त्यानं वाढलं नाही. शिवाय पेशीचा शेजार म्हणजे बाईचा संसार नव्हे. "फार सोसलं गं, मनात ठेवलं, म्हणून गाठ झाली," असं मावशीला भेटायला येणाऱ्या निम्म्या बायका सांगून जात. आधी घराण्याला दोष, मग तिच्या स्वभावाला. मला त्या दोन्हींचा सारखाच राग येई.

आता ती जखम. गाठ काढायची तर सुरी लागणार, आणि सुरी म्हणजे गाठीच्या शेजारात मोठाच हलकल्लोळ. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकारी यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्या जणींना कापण्याआधी गाठीभोवती बधिर करण्याचं साधं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नाही. बाकी सगळे उपचार सारखे. २०२३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ९०.१ टक्के, न मिळालेल्यांत ८६.४ टक्के. कापताना पेशींना मिळणारे सुटून जाण्याचे इशारे त्या औषधानं दाबले जातात, असा कयास आहे.

औषध लिडोकेन. दाढ काढताना हिरडीत टोचतात ते, दातांच्या कुठल्याही दवाखान्यात मिळणारं. टोचल्यावर सर्जननं फक्त सात ते दहा मिनिटं सुरी हातात न घेता थांबायचं. पुढचा पेशंट बाहेर स्ट्रेचरवर असताना ती सात मिनिटं किती लांबत असतील, हे त्या सर्जनलाच विचारायला हवं.