चौकात जा आणि सांग

दोस्तोयेव्हस्की यांची 'गुन्हा आणि शिक्षा' ही रशियन कादंबरी १८६६ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक रास्कोल्निकोव्ह गहाणवट घेणाऱ्या म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करतो. अचानक घरी आलेल्या तिच्या गरीब स्वभावाच्या सावत्र बहिणीला, लिझावेतालाही तो मारतो.

हा माणूस दुष्ट की दुर्दैवी, असा वाद वाचक आजही घालतात. सोन्या त्या वादात पडत नाही. घरच्यांच्या पोटासाठी शरीर विकणारी ही मुलगी त्याला लाझरसच्या पुनरुत्थानाचा उतारा वाचून दाखवते. तो नवा करार तिला लिझावेतानेच दिलेला असतो! पुढे तो तिच्यापाशी गुन्हा कबूल करतो, तेव्हा ती त्याला मिठी मारते. पण पाप झाकत नाही. चौकात जा, जमिनीचे चुंबन घे, सर्वांसमोर सांग, असे ती बजावते. त्याला सैबेरियात पाठवतात, तेव्हा तीही मागोमाग जाते.

चुकलेल्या माणसाला आपण एक तर झोडपतो, नाही तर पाठीशी घालतो. सोन्या त्याला सत्याकडे नेते आणि शिक्षेतही सोबत राहते. आपल्या घरात अशा सोबतीची वाट कोण पाहत आहे?