सूत्रात दडलेले चित्र
ज्या आकृतीचा बारीक तुकडा कितीही मोठा केला तरी तशीच गुंतागुंत दिसत राहते, तिला गणितज्ञ बन्वा मांडेलब्रो यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. संख्येचा वर्ग करून त्यात ठरावीक संख्या मिळवायची आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करायची, एवढ्या सूत्रातून संगणकावर रोज असे एक फ्रॅक्टल चित्र काढून मित्रांना पाठवणारा हौशी माणूस त्याचा कर्ता ठरतो काय? कार्य कारणात आधीपासूनच असते, असे मानणाऱ्या सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार चित्र सूत्रातच होते. नैयायिक ते नव्याने उत्पन्न झाले म्हणतील, आणि रंगांपुरते तरी त्यांचेच पटते, कारण कडेजवळचा एखादा बिंदू तिसाव्या फेरीला अनंताकडे निसटतो हे गणित सांगते, पण तो शेंदरी करावा की मोरपंखी, याबाबत ते गप्पच असते.